वाटीमागची चकती

४ जानेवारी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. शब्दापुरताच समज. खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात तुझ्या वहिनीखेरीज कोणी नाही.

परवा आपण दोघांनी एकाच वेळी फोन आपटला. तुला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडतो, ओरडलं की रागावल्यासारखं वाटतं, आणि मग खरंच राग येतो. म्हणून आता पत्र. पत्रात निदान एक बोलत असताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं.

मुद्द्याचं सांगतो. माझा गुडघा कामातून गेला. अडतीस वर्षं लोकांच्या घरात गुडघे टेकून फरशी बसवली, त्याचं हे बक्षीस. डॉक्टर म्हणतात, सांधा बदलायचा. हाडांची टोकं कापून त्यावर धातू चढवायचा, मध्ये प्लास्टिक घालायचं. इथवर माझी ना नाही. पण मग त्यांनी विचारलं, "वाटीचं काय करायचं?" मी म्हटलं, कसली वाटी? तर गुडघ्याची वाटी, पुढून हाताला लागते ती. तिची मागची बाजूही झिजली आहे. काही डॉक्टर ती मागून कापून सपाट करतात आणि तिथे प्लास्टिकची एक चकती चिकटवतात. काही डॉक्टर वाटीला हातच लावत नाहीत, आहे तशी नव्या सांध्यावर सरकू देतात.

"मग बरं कुठलं?" मी विचारलं.

"दोन्ही चालतं," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ पाहण्या झाल्या, वर्षं-वर्षं लोकांना विचारत बसले. फारसा फरक नाही. तुमचं काय मत?"

माझं मत! मी काय रोज वाट्या कापतो? ताई, 'असंही चालतं, तसंही चालतं' म्हणणाऱ्या माणसाला मी उभ्या आयुष्यात हाताखाली ठेवलं नाही. सगळ्या खोलीत नवी फरशी घालायची आणि भिंतीकडेची पट्टी तेवढी जुनी ठेवायची का, असं कुणी विचारलं तर मी एका वाक्यात उत्तर द्यायचो. आणि हा बाबा पंधरा वर्षं शिकून उलट मलाच विचारतो.

म्हणून तुला विचारतो. अकरा वर्षांपूर्वी तुझे दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदलले आणि डॉक्टरांनी एकात चकती बसवली, एकात नाही, हे तू मला आजवर शंभरदा ऐकवलं आहेस. म्हणजे या बाबतीत विचारण्याजोगं माणूस तूच. मी तसा ठणठणीत आहे. रोज सकाळी खाली उतरतो, कोपऱ्यावरच्या दुकानात चहा पितो, पेपर वाचून वर येतो. तेव्हा घाई अजिबात नाही. सावकाश विचार करून लिही.

तुझा,
धाकटा


११ जानेवारी

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. आधी पाच ठिकाणी लाल शाईने खुणा केल्या, मग मजकुराकडे वळले.

उत्तर एका ओळीचं आहे: चकती बसवून घे.

विचार करायला मला वेळ लागला नाही, कारण तो माझ्या गुडघ्यांनी आधीच करून ठेवला आहे. उजव्यात चकती आहे. उजवा म्हणजे राजा माणूस. अकरा वर्षांत त्याने एकदा कुरकुर केली असेल तर शपथ. डाव्यात चकती नाही. डावा जिन्यावर कटकट वाजतो, ढगाळ हवेत तोंड वाकडं करतो, आणि बसून उठलं की आधी गाऱ्हाणं सांगतो, मग चालतो. एकाच बाईचे दोन गुडघे, एकच डॉक्टर, एकच दिवस, एकच चार मजल्यांचा जिना. तुझ्या डॉक्टरांच्या पाहण्यांत इतका चोख पुरावा आहे का? हातच्या काकणाला आरसा कशाला?

आता कुठल्या गुडघ्यात काय, हे मला कसं ठाऊक, असा फाटा तू फोडशीलच. तर ऐक. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर खाटेजवळ येऊन म्हणाले होते, "एक वाटी फार झिजली होती, तिला चकती लावली. दुसरी बरी होती, ती तशीच ठेवली." मी तेव्हा गुंगीत, कुठली ते विचारायचं राहिलं. घरी आल्यावर एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि माझी मी वाचून काढली. बत्तीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले आहेत मी. उलटी अक्षरं, उलट्या ओळी, सगळं घडाघडा वाचायची. माझ्या हातून चुकलेला मजकूर यंत्रावर चढला नाही. तिथे दोन गुडघ्यांची फिल्म ती काय?

डॉक्टरांना सांग, दोन्ही चालतं असं जगात काही नसतं. एक बरोबर असतं आणि एक चूक.

चहा जरा कमी पी.

तुझी,
ताई


२० जानेवारी

तीर्थरूप वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. हे पत्र यांच्या नकळत लिहीत आहे.

हे तुम्हाला लिहितात की रोज खाली उतरून चहा पितात. चहा पितात हे खरं. खाटेवर बसून पितात. ऑगस्टपासून हे खाली उतरलेलेच नाहीत. तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या. ऑगस्टात उतरताना मधेच गुडघा धरला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. दीड तास पायरीवर बसून होते. शेवटी शेजारच्या दोघांनी खुर्चीत घालून वर आणलं. येणारे-जाणारे बघत होते. तेव्हापासून जिन्याचं नाव काढलं की हे विषय बदलतात. न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जातात, आणि जाताना भिंतीचा गिलावा तपासत असल्याचा आव आणतात.

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. मला दाराबाहेर म्हणाले, मांडी बारीक होत चालली आहे, आणखी चार महिने असेच बसले तर नवा सांधा बसवूनही त्याला चालवायला पायात ताकद उरणार नाही. आत यांना हेच सांगितलं तर यांना ऐकूच गेलं नाही. आधी हे म्हणाले, भूल देणारा कोण ते कळू दे. ते कळलं. मग थंडी सरू दे. मग धातू कुठला. आता वाटी. नाचता येईना अंगण वाकडं. वन्सं, हे घाबरले आहेत. पण तसं म्हणायचं नाही, म्हणून वाटी.

हे तुमच्याशी भांडतात, पण तुमचा शब्द मोडत नाहीत. जोर लावून लिहा. आणि मी लिहिल्याचं लिहू नका.

तुमची,
वहिनी


२७ जानेवारी

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तू विचार करतो आहेस. करू नकोस. तुला ती सवय नाही.

आज मी मुद्दाम मोजलं. सकाळी भाजी आणायला चार मजले खाली आणि वर. दुपारी ग्रंथालयात, पुन्हा खाली आणि वर. एकटी राहते, माझं करायला कोण आहे? उजवा गुडघा, चकतीवाला, शेवटच्या पायरीवर म्हणाला, आणखी एक मजला आहे का? मी सत्तर वर्षांची आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

तू सदुसष्टचा. रोज चहाला खाली उतरतोस म्हणजे अजून पायात दम आहे. दम आहे तोवरच हे काम करून घ्यावं. मांडी एकदा वाळली की चकती सोन्याची बसवली तरी उपयोग नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मलाच सुचलं. उद्या डॉक्टरांना फोन कर, 'चकती' म्हण आणि तारीख घे. तीन शब्दांचं काम आहे.

चूक झाली तर माझ्या नावावर. बत्तीस वर्षांत झालेली नाही, तेव्हा मी जोखीम घेऊ शकते.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार, पूर्वीच्याच अटीवर.

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, चकती बसवा, माझी बहीण म्हणते. ते म्हणाले, "बसवू की. माझी काही हरकत नाही." बघ! म्हणजे त्यांना हरकतसुद्धा नाही. अरे, जरा हरकत घ्या, वाद घाला, चार कारणं सांगा, म्हणजे समोरच्याचा विश्वास तरी बसेल. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा कारागीर मी ओळखतो. त्याची फरशी दुसऱ्या वर्षी हलते.

तेव्हा असं ठरवलं आहे की आधी तुझी फिल्म मी स्वतः बघणार, डॉक्टरांना दाखवणार, आणि मगच तारखेचं बोलणार. फिल्म पाठव. टपालाला वेळ लागला तरी चालेल. वाटेत हरवली तरी मी तुला दोष देणार नाही.

माझी तब्येत उत्तम. चहाच्या दुकानात काल नव्या खुर्च्या आल्या. बऱ्या आहेत.

तुझा,
धाकटा


१५ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

फिल्म सोबत पाठवत आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधली आहे आणि नोंद करून पाठवली आहे, तेव्हा हरवण्याची आशा सोड.

गुडघे वाकवून, दोन्ही वाट्या शेजारी शेजारी दिसतील असा तो एक्स-रे आहे. एका वाटीच्या मागे पांढरी रेघ दिसेल, ती चकती चिकटवल्याची खूण. तुझ्यासारख्याला समजावं म्हणून मी दोन चिठ्ठ्या डकवल्या आहेत. एकीवर 'उजवा, चकती', दुसरीवर 'डावा, चकती नाही'. शिवाय खाली मधोमध इंग्रजी 'आर' आहेच; तो सुलट दिसेल अशी फिल्म धरली की डाव्या हाताचा गुडघा तो उजवा. एक्स-रे काढताना तिथे शिशाचं अक्षर ठेवतात म्हणे. शिशाच्या अक्षराशी माझं काय नातं आहे ते तुला सांगायला नको.

आता याच्यावर नवीन शंका काढू नकोस.

तुझी,
ताई


३ मार्च

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार.

फिल्म मिळाली. बघितली. डॉक्टरांनाही दाखवली.

बावीस मार्चची तारीख घेतली आहे. काळजी करू नकोस. तू नेमकं जे सांगायला हवं होतं तेच सांगितलंस.

तुझा,
धाकटा


१२ मार्च

प्रिय वहिनीस,

अनेक आशीर्वाद. बावीस तारीख कळली आणि मी दोन दिवस नुसती मिरवत होते. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना थांबवून सांगितलं की भावाला मी ताळ्यावर आणलं. मग माझी मलाच दृष्ट लागली.

डावा गुडघा फार वाजायला लागला होता, म्हणून परवा इथल्या इस्पितळात गेले. त्यांनी नवी फिल्म काढली. एक्स-रे काढणारी मुलगी म्हणाली, "आजी, चकती डाव्या गुडघ्यात आहे." मी म्हटलं, बाळ, उजव्यात. ती म्हणाली, डाव्यात. मी फिल्म तिच्या हातातून घेतली, खिडकीकडे धरली आणि वाचून दाखवली. तिने ती माझ्या हातात नुसती फिरवली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही उलटी धरली होती. 'आर' उलटा दिसत नव्हता का?"

नव्हता, वहिनी. आताही दिसत नाही. मी ती फिल्म दोन्ही बाजूंनी दहा वेळा फिरवली. माझ्या डोळ्यांना दोन्हीकडून अक्षर सारखंच वाचता येतं. दुसऱ्या कुणालाही उलटं अक्षर टोचलं असतं. मी बत्तीस वर्षं त्याच्यावर पोट भरलं, मला कुठून टोचणार? अकरा वर्षांपूर्वीची ती फिल्मही मी घरी काचेवर धरली ती मागच्याच बाजूने.

म्हणजे राजा माणूस आहे तो बिनचकतीचा. माझी आपली जुनी वाटी घेऊन चालतो आहे. आणि कटकट वाजतो आहे तो चकतीवाला. मी धाकट्याला सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट.

हे त्याला कळवलं तर काय होईल ते तुम्ही मला सांगायला नको. 'ताईसुद्धा चुकली' म्हणून तो खाटेवर असा बसेल की पुन्हा उठणार नाही. माझ्या शब्दावर तो तयार झाला आहे. तो शब्दच खोटा निघाला तर उरलं काय? छापखान्यात एकदा एका अक्षरासाठी मी चालू यंत्र थांबवलं होतं, मालक अंगावर ओरडला तरी हटले नव्हते. आज धडधडीत चूक समोर आहे आणि मी यंत्र चालू देणार आहे. उद्या त्याची चकती माझ्या डाव्यासारखी वाजली तर ते पाप माझं. पण वाजणारा गुडघा घेऊन तो जिना तरी उतरेल.

तुम्ही त्याला काही बोलू नका. तुमच्या पोटात गोष्ट राहते, हे मला जानेवारीत कळलं आहे.

तुमची,
वन्सं


१३ मार्च

चिरंजीव धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. माझा उजवा गुडघा तुला शुभेच्छा सांगतो आहे. चकती तर अशी बसली आहे की जन्मापासूनची वाटावी.

मनात काही किंतु आणू नकोस. मला खात्री आहे, आणि माझी खात्री म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तुझी,
ताई


२३ मार्च

तीर्थरूप वन्संना,

काल शस्त्रक्रिया नीट झाली. आज सकाळी यांना धरून उभं केलं. चार पावलं टाकली. पाचव्याला रडले, आणि औषधाने डोळ्यांत पाणी येतं असं परिचारिकेला सांगितलं. ती म्हणाली, इथे सगळ्यांना येतं.

यांचं पत्र येईलच. ते लांबलचक असेल, कारण लिहायचं काय ते हे भूल उतरल्यापासून मला सांगत आहेत.

तुमची,
वहिनी


२० एप्रिल

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा घालायला डॉक्टर अजून सहा महिने नको म्हणतात, पण आता तो अगदीच अशक्य कोटीतला नाही.

आज मी जिना उतरलो. चोपन्न पायऱ्या, हातात काठी, मागे तुझी वहिनी. खाली जाऊन चहा प्यायलो. दुकानात खुर्च्या खरंच नव्या आल्या आहेत. मी ते फेब्रुवारीत तुला थाप म्हणून लिहिलं होतं. ऑगस्टपासून मी घराबाहेर पडलो नव्हतो. तुला हे माहीत होतं, हेही आता मला माहीत आहे. 'मांडी वाळली की' हे तुझं तुला सुचलेलं नव्हतं.

आता माझ्या बाजूचं ऐक. तुझी फिल्म आली त्या दिवशी मी ती खिडकीत धरली. तुझ्या चिठ्ठ्या समोर येतील अशी धरली. चिठ्ठ्या सुलट आणि 'आर' उलटा. फिल्म फिरवली. 'आर' सुलट आणि चिठ्ठ्या पाठीमागे. मी दहा मिनिटं तशीच फिरवत बसलो. मग डॉक्टरांना दाखवायला तुझ्या वहिनीला पाठवलं. त्यांनी फोनवर सांगितलं: चकती डाव्या गुडघ्यात.

ताई, मला आधी उकळ्या फुटल्या. सदुसष्ट वर्षं मी ज्या दिवसाची वाट बघत होतो तो दिवस आला. तू चुकलीस! पत्र लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत तुला चारी मुंड्या चीत करणार होतो. आणि लिहिता लिहिता हात थांबला. मनात आलं, ही बाई अकरा वर्षं चार मजले चढते-उतरते. ज्या गुडघ्यात चकती नाही त्याला चकती आहे समजून शाबासकी देते, आणि ज्यात आहे त्याला नाही समजून शिव्या घालते. आणि तिचं काही अडलेलं नाही. भाजी येते, पुस्तकं येतात, भावाला उपदेशही वेळच्या वेळी पोचतो. मग डॉक्टर खोटं काय बोलत होते? दोन्ही चालतं!

तुला खरं सांगतो. मी घाबरलो होतो. वाटीला नाही, चकतीला नाही. त्या पायरीवर बसलो होतो ना, तेव्हा लोक माझ्या बाजूने भिंतीला घासून जात होते आणि 'सावकाश, आजोबा' म्हणत होते. मला वाटलं, शस्त्रक्रिया करूनही तिथेच बसायची पाळी आली तर? त्यापेक्षा विचार करत बसणं सोपं. तू जितकी खात्री देत होतीस तितका मी जास्त घाबरत होतो, कारण तुझ्यासारखं बरोबर मला जन्मात कधी जमलेलं नाही. तू चुकलीस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चुकूनही चालता येतं. त्याच दुपारी तारीख घेतली.

डॉक्टरांना सांगितलं, उघडून बघा आणि तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त मला सांगू नका. त्यांनी सांगितलेलं नाही. तेव्हा माझ्या गुडघ्यात चकती आहे की नाही, मला ठाऊक नाही. दुखतं थोडं. कशाने ते कळत नसल्यामुळे कुणावर रागावताही येत नाही, म्हणून कमीच दुखतं.

तुझं तेरा मार्चचं पत्र पुन्हा वाचलं. 'जन्मापासूनची वाटावी'! तुला तोवर कळलं होतं, हे वहिनीने काल सांगितलं. ती दोन्हीकडची गुपितं पोटात घेऊन महिनाभर स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. मी समजत होतो, बाईला भांडी घासायची आवड लागली.

तुझा,
धाकटा


२९ एप्रिल

चिरंजीव धाकट्यास,

पत्र मिळालं. एकदा वाचून फेकलं, मग उचलून पुन्हा वाचलं. म्हणजे मी तुझ्यासाठी आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं लिहीत होते आणि तू ते खोटं आहे हे माहीत असून आरामात वाचत होतास. मी तेरा मार्चला तीन कागद फाडले होते, तुला सांगते. चवथ्यावर ते वाक्य उतरलं.

तू उतरलास. चोपन्न पायऱ्या. ते वाचून मी खुर्चीत बसून खूप रडले, आणि मला कुठलंही औषध चालू नाही.

आता तुझ्यापासून लपवून काय करू? इकडची गंमत ऐक. चकती उजव्यात नाही हे कळल्याला चार दिवस झाले आणि उजवा दुखायला लागला. अकरा वर्षं ज्याने हूं की चूं केलं नाही तो! जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की मनात येतं, आत काही नाही, नुसती जुनी झिजकी वाटी आहे, कधीही दगा देईल. लगेच कळ येते. म्हटलं, निदान डावा तरी आता गप्प बसेल. तर डावा वाजतोच आहे. त्याला बढती मिळाल्याचं कुणी कळवलेलं दिसत नाही.

इथले डॉक्टर म्हणाले, दोन्ही सांधे उत्तम आहेत, बाई, चाला. मी त्यांना म्हटलं, मला अकरा वर्षं हेच वाटत होतं.

सतरा मार्चपासून मी खाली उतरलेली नाही. भाजी शिकवणीवाल्या बाई आणून देतात. ग्रंथालयाची पुस्तकं तशीच पडली आहेत. रोज सकाळी पिशवी घेऊन जिन्याच्या तोंडाशी जाते, कठडा धरते आणि परत येते. तुला गुडघ्याने पायरीवर बसवलं होतं तसं मला कुणी बसवलेलं नाही, मी दारातच बसले आहे. तू चुकूनही चालता येतं म्हणतोस. तुला येत असेल. मला चुकायची सवय नाही, धाकट्या. चुकल्यावर पुढे काय करतात, ते मला कुणी शिकवलंच नाही.

तुझ्या गुडघ्यात काय आहे ते विचारून घे ना डॉक्टरांना. मला जरा बरं वाटेल.

तुझी,
ताई


३ मे

तीर्थरूप ताईस,

विचारणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. वहिनी येत नाही, ती म्हणते, तुमचं तुम्ही बघा. डॉक्टरांना विचारलं, एवढा प्रवास आणि वर चार मजले, चालेल का? ते म्हणाले, सावकाश गेलात तर चालेल, नाही गेलात तरी चालेल. या माणसाचं मला आता कौतुक वाटायला लागलं आहे.

तुझे चार मजले मी चढणार. प्रत्येक मजल्यावर थांबून दम खाईन. मग आपण दोघं मिळून उतरायचं. तू कठडा धर, मी काठी धरतो. कुणाच्या कुठल्या गुडघ्यात काय आहे याची चर्चा जिन्यात करायची नाही. मधे बसावंसं वाटलं तर बसू. लोक 'सावकाश, आजी' म्हणतील, म्हणू देत. मी शेजारी असेन. पायरीवर एकट्याने बसणं वाईट असतं, दोघांनी बसलं तर त्याला गप्पा म्हणतात. खाली गेलो की तुझी पुस्तकं परत करू आणि भाजी घेऊन येऊ.

आणि बेल वाजली की धावपळ करू नकोस. सावकाश ये, हवा तेवढा वेळ लाव. मला आता दारात उभं राहता येतं.

तुझा,
धाकटा